पासिंगपुरतं

बॉनेट उघडायचं, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर पातळ पांढरा कागद घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासत जायचं. करड्या पट्ट्यातून हळूहळू पांढरी अक्षरं वर येतात. एम, ए, ३ आणि मग पुढची सगळी रांग, एकूण सतरा. चेसिस नंबरचा हा छाप री-पासिंगच्या अर्जाला लागतो. आमच्या मारुती ८००चा छाप घेताना मधले दोन आकडे काही केल्या उमटेनात. गॅरेजवाल्या चाचांनी पेट्रोलमध्ये बुडवलेल्या चिंधीने पत्रा पुसला, तारेच्या ब्रशने घासला. तपकिरी पापुद्रे गळून खाली पडले आणि त्यांच्याखाली दडलेले दोन्ही आकडे दिसले.

"वाचलो बघा," चाचा म्हणाले. "नंबर गंजून गेला असता तर परवानगी काढून परत पंचिंग करून घ्यावं लागतंय. लई हेलपाटे." मग बॅटरीच्या खालच्या ट्रेवर टॉर्च मारून त्यांनी विचारलं, "ताई, पासिंगपुरतं करू का कायमचं करू?"

तो प्रश्न ते प्रत्येकाला विचारत असणार. त्यांच्या आवाजात कसलाही आरोप नव्हता, गिऱ्हाइकाच्या खिशाची काळजी होती. पासिंगपुरतं करायचं म्हणजे काय, ते त्यांनी समजावून सांगितलं. भोकांवर लांबी भरायची, वरून काळं अंडरकोटिंग मारायचं. बल्ब नवे टाकायचे, हॉर्न वाजता करायचा, वायपरचे रबर बदलायचे, गाडी धुऊन पुसून उभी करायची. कायमचं म्हणजे गंजलेला पत्रा कापून काढायचा आणि नवा वेल्ड करायचा. खर्चात कितीतरी पटींचा फरक होता. मला मात्र त्या फरकापेक्षा दुसरीच गोष्ट लागून राहिली. या गाडीत माझी माणसं बसत होती, आणि ती रस्त्यावर धावण्याजोगी आहे का, हे तिच्या अख्ख्या आयुष्यात कुणी कायद्याने तपासलेलंच नव्हतं. तपासायला सांगितलंय तेही पंधरा वर्षं झाल्यावर.

गाडी २००७ सालची. रत्नागिरीला एका बँकेतल्या साहेबांकडे ती नवी आली. त्यांची निवृत्ती झाली, मुलांनी मोठी गाडी घेतली आणि ही कुंभार्ली घाट चढून आमच्याकडे कराडला आली. नंबरप्लेटवर अजून एमएच ०८ आहे. कोकणातल्या माणसासारखा तिचाही गाव तिच्या नावातून जात नाही.

मारुती ८००बद्दल लिहायचं तर थोडं थांबून लिहायला हवं. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हातून हरपाल सिंग यांना पहिल्या गाडीची किल्ली मिळाली, तेव्हा तिची किंमत ४७,५०० रुपये होती. त्या वेळी रस्त्यावर अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी होत्या, आणि त्याही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच्या. ही आली तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची, बारा इंची चाकांची. वजन जेमतेम साडेसहाशे किलो. शिक्षकांनी घेतली, कारकुनांनी घेतली, तालुक्याच्या डॉक्टरांनी घेतली. ज्या घरात आधी स्कूटरवर चौघं जात होते त्या घरात पावसात न भिजता जायची सोय आली. पाठीमागे तीन मोठी माणसं, मांडीवर पोरं, पायाशी डबे आणि पाण्याचा कॅन. गणपतीपुळे, पाली, जेजुरी, मामाचं गाव. कितीतरी नवरा-नवरींची वरात हिच्यातून निघाली आणि कितीतरी आज्यांना रात्री-अपरात्री हिनेच दवाखान्यात पोचवलं. अठ्ठावीस लाखांहून जास्त गाड्या बनवून १८ जानेवारी २०१४ रोजी तिचं उत्पादन थांबलं. त्याआधी, एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज ४चे निकष १३ शहरांत लागू झाले, आणि मुंबई, पुणे, सोलापूर धरून त्या शहरांतली तिची विक्री बंद झाली होती.

शहरात नवी मिळेनाशी झाली म्हणून ती संपली नाही. जुनी गाडी उताराकडे सरकत जाते. पुण्याची साताऱ्याला येते, साताऱ्याची पाटणला, पाटणची एखाद्या वाडीवर. प्रत्येक टप्प्यावर किंमत उतरते आणि प्रत्येक टप्प्यावर ती कुणाची तरी पहिली गाडी होते. आजही तालुक्याच्या कोणत्याही स्पेअरच्या दुकानात तिचा टाय रॉड एन्ड मागा, फळीवरून काढून हातात देतात. म्हणूनच ती इतकी टिकली, आणि म्हणूनच तिच्या प्रकृतीची चौकशी करणं मला महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्याकडे ती शेवटी पोचते त्यांच्याजवळ दुरुस्तीला सगळ्यांत कमी पैसे असतात आणि त्यांच्या वाटेला सगळ्यांत वाईट रस्ते असतात.

कायदा काय म्हणतो ते सोपं आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. नंतर नमुना २५ भरायचा, गाडी दाखवायची, पास झाली की पाच वर्षं वाढवून मिळतात. १ एप्रिल २०२२पासून मोटारीच्या या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५मध्ये ती १०,००० केली. भाड्याने चालणाऱ्या गाडीला वेगळा नियम आहे. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तिला फिटनेस काढावा लागतो.

म्हणजे एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन छोट्या गाड्या घ्या. एकीला पिवळी पाटी लागली तर दोन वर्षांत कुणीतरी तिचे ब्रेक बघतं. दुसरीला पांढरी पाटी लागली तर तिच्याकडे पंधरा वर्षं कुणी बघत नाही. मधल्या काळात तिला एकच परीक्षा असते, पीयूसीची. आमच्या गाडीला ती दर सहा महिन्यांनी. सायलेन्सरच्या नळीत काडी घालतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे बघतात, कागद देतात. धुराची चौकशी हवीच. पण तो कागद समोरच्या काचेवर चिकटवून माणसं "गाडीचं सगळं ओके आहे" असं मनापासून मानतात, ते मला फार वेळा दिसलं आहे. धूर स्वच्छ सोडणाऱ्या गाडीचे ब्रेक लागतील की नाही, हे त्या यंत्राला कळायचं काही कारण नाही.

चाचांच्या गॅरेजात रॅम्प नाही, खड्डा आहे. लांबट, कडेला सिमेंट केलेला, तळाला ऑइल मुरून काळा झालेला. गाडी त्यावर उभी केली आणि ते म्हणाले, "या खाली. वरनं कितीबी बघा, काय कळत न्हाई."

उतरले. डोक्यावर गाडीचं पोट. वरून पांढरीशुभ्र, पॉलिश केलेली गाडी खालून पाहताना ओळखू येत नव्हती. खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात काढलेली वर्षं तिथे लिहिलेली होती. चाचांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने पत्रा ठोकत निघाले. चांगल्या पत्र्याचा आवाज टणक येतो. ड्रायव्हरच्या पायाखाली आल्यावर आवाज बसका झाला. तिथे रंग पापडासारखा फुगला होता. त्यांनी मूठ जरा जोरात मारली आणि स्क्रूड्रायव्हर आत गेला. वरून मॅट होती, मॅटखाली जाड कार्पेट, कार्पेटखाली ओला फोम. दाराच्या रबरातून आणि काचेच्या कडेतून पाणी आत येतं, कार्पेट ते धरून ठेवतं, आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. बाहेरून दिसायला लागतो तेव्हा अर्धं काम झालेलं असतं.

बॅटरीच्या ट्रेची गोष्ट वेगळी. तो ॲसिडच्या थेंबांनी खाल्ला जातो, आणि या गाडीचं हे दुखणं सगळ्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे. चाचांनी न बघताच सांगितलं होतं की तिथे भोक असणार. मागच्या चाकांच्या कमानींच्या आतल्या बाजूला चिखल साचून पत्रा कातरला होता.

"सगळा गंज सारखा नसतो, ताई," ते म्हणाले. "ह्यो दरवाज्याच्या खालचा दिसायला वंगाळ, पण त्याच्यानं जीव जात न्हाई. पण ह्यो बघा." सीटबेल्टचा खालचा बोल्ट जिथे पत्र्यात बसतो त्याच्या भोवती त्यांनी बोट फिरवलं. बोल्ट ठणठणीत होता. त्याला धरून ठेवणारा पत्रा मात्र वीतभर अंतरापर्यंत मऊ झाला होता. धडक बसली असती तर पट्ट्याने माणसाला धरलं असतं, आणि पट्टाच पत्र्यासकट उपटून आला असता.

पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की इंग्लंडच्या तपासणीत हाच हिशेब पुस्तकात मांडून ठेवला आहे. सीटबेल्ट, स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक यांच्या जोडणीच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झालेला असेल तर गाडी नापास. बाकीच्या ठिकाणी गंजलेली असली तर सहसा नुसती सूचना. गॅरेजच्या खड्ड्यात उभ्या राहिलेल्या माणसाला हे हाताने कळतं. त्याने ते कुठे वाचलेलं नसतं.

मग चाकं. गाडी जॅकवर उचलून चाचांनी पुढचं चाक दोन्ही बाजूंनी, डावी-उजवीकडे धरून हलवलं. बारीकसा "टक" आवाज आला. टाय रॉड एन्डमध्ये प्ले. मग वर-खाली धरून हलवलं, बॉल जॉइंट ठीक. लोअर आर्मचे बुश चिरलेले. या छोट्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन हलकं आहे. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर आणि खड्ड्यांत ते जितका मार खातं तितका मार खाण्यासाठी ते कुणी बनवलं नसावं. आवाज यायला लागला की माणसं टेप मोठा करतात, असं चाचा म्हणाले. ते हसले नाहीत, मीही नाही.

मागचं डावं चाक काढलं तर टायरच्या आतल्या भिंतीवर ओला डाग. व्हील सिलिंडर गळत होता. ड्रममधल्या शूवर ब्रेक ऑइल उतरलं की त्या चाकाचा ब्रेक धरत नाही, आणि गाडी जोरात थांबवताना एका बाजूला ओढते. सपाट रस्त्यावर हे जाणवतही नाही; घाटात ओल्या वळणावर जाणवतं.

ब्रेक ऑइलबद्दल मला त्या दिवसाआधी काहीच माहीत नव्हतं, आणि आता मी भेटेल त्याला सांगते. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे. तेच पाणी शोषून बसलेलं असलं तर निकष १४० अंशांवर येतो. कुंभार्ली उतरताना माणूस गिअरमध्ये गाडी न धरता सारखा ब्रेकवर पाय ठेवून येतो, डिस्क तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते. ऑइलमधलं पाणी उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतात. वाफ दाबली जाते. पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. घाटात "ब्रेक फेल" झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यात असं किती वेळा होत असेल! दोन वर्षांनी ऑइल बदलायला लागतात काही शे रुपये. आमच्या गाडीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं.

टायरची नक्षी मात्र उत्तम होती. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, आमची त्याच्या तिप्पट असेल. साहेबांनी गाडी फार चालवली नव्हती, ही गोष्ट आम्ही घेताना मोठ्या कौतुकाने ऐकली होती. चाचांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांपूर्वीचे होते. भिंतीला बोट घासलं की बारीक चिरा उघडत होत्या. न चालवता उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर म्हातारं होतं, मग नक्षी कितीही खोल असो.

हेडलाइट, हॉर्न, वायपर यांचं मी थोडक्यात सांगते. रिफ्लेक्टर काळवंडले होते, बदलले. एक ब्रेक लाइट लागत नव्हता, बल्ब गेला होता. बाकी ठीक.

आम्ही कायमचं करायला सांगितलं. आठवडाभर गाडी गॅरेजात होती.

मग पासिंगचा दिवस. गाड्यांची रांग, झाडाखाली फायली घेऊन उभी असलेली माणसं. निरीक्षकांनी चेसिस नंबर ताडून पाहिला, इंजिन नंबर पाहिला, दिवे लावायला सांगितले, इंडिकेटर, हॉर्न, वायपर. थोडी चालवून ब्रेक मारायला लावला. विमा, पीयूसी बघितली. गाडी पास झाली. माझी त्यांच्याबद्दल काहीही तक्रार नाही. एका माणसाने दिवसभरात इतक्या गाड्या बघायच्या, खाली उतरायला खड्डा नाही, मोजायला यंत्र नाही, मग डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच तो बघणार. पण घरी येताना मनात सारखं येत राहिलं: चाचांना "पासिंगपुरतं करा" म्हणून सांगितलं असतं तरी गाडी पासच झाली असती. सीटबेल्टखालचा मऊ पत्रा, गळका सिलिंडर, चहाच्या रंगाचं ऑइल, चिरा पडलेले टायर, सगळ्यांसकट. पुढच्या पाच वर्षांचा शिक्का मिळाला असता.

ही चिंता नवी नाही. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी जनहित याचिका करून व्यावसायिक गाड्यांच्या फिटनेसचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. गाडी खरोखर धावती तपासायची तर ब्रेक मारून बघायला जागा हवी, म्हणून २५० मीटरचे ट्रॅक करायला न्यायालयाने लावलं. आता स्वयंचलित तपासणी केंद्रं येत आहेत, त्यांचे नियम २०२१मध्ये झाले. तिथे चाकं रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. साइड स्लिप, हेडलाइटची दिशा, सस्पेन्शन, जोडण्यांमधला प्ले, सगळ्याला यंत्रं आहेत. आमचा गळका सिलिंडर रोलरवर लपला नसता, कारण डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकमधला फरक आकड्यात दिसतो. ही केंद्रं तालुक्यातालुक्यात व्हावीत असं मला मनापासून वाटतं. पण गंज ओळखायला अजूनही खाली वाकणारा माणूस आणि पत्रा ठोकणारा हातच लागतो.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिकडे गेल्यावर तिने एक जुनी छोटी निसान मायक्रा घेतली. घेण्याआधी सरकारी संकेतस्थळावर फक्त गाडीचा नंबर टाकला. त्या गाडीच्या प्रत्येक वार्षिक तपासणीचा निकाल तिच्यासमोर आला, फुकट. कोणत्या साली काय नापास झालं, कधी टायर झिजत आल्याची सूचना दिली, कुठल्या वर्षी खालच्या पत्र्यावर गंज दिसायला लागला, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते. मीटर मागे फिरवणाऱ्याची चोरी तिथे दुसऱ्याच वर्षी पकडली जाते. तिने मला फोनवर ती यादी वाचून दाखवली तेव्हा मला हेवा वाटला. आमच्या गाडीचं आरसी मला मालक किती झाले एवढंच सांगू शकत होतं.

तिकडच्या या एमओटी तपासणीची सुरुवात १९६०मध्ये, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना झाली. तेव्हा ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच बघायचे. नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या की लगेच पुढच्या वर्षी मर्यादा सात वर्षांवर आणली. १९६७मध्ये तीनवर. आज ग्रेट ब्रिटनमध्ये तीन वर्षांची झालेली जवळजवळ प्रत्येक मोटार दरवर्षी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढते. साधारण चारांतली एक तरी पहिल्या फेरीत नापास होते. सगळ्यांत जास्त दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर यांमुळे. ही यादी वाचताना मला चाचांचा खड्डा आठवला. आमच्या गाडीतही नेमकं हेच निघालं होतं. छोटी जुनी गाडी लेस्टरची असो की कराडची, ती त्याच ठिकाणी थकते.

तिथली तपासणी म्हणजे ब्रह्मवाक्य आहे असं मी म्हणत नाही. पास झाल्याचा कागद त्या दिवसापुरता खरा असतो; इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांच्या तब्येतीबद्दल तो काहीच बोलत नाही. जानेवारी २०२०मध्ये उत्तर आयर्लंडच्या तपासणी केंद्रांत तर गाड्या उचलणाऱ्या ५५ लिफ्टपैकी ४८ लिफ्टमध्येच तडे सापडले आणि मोटारींच्या तपासण्या थांबवाव्या लागल्या. पण तडे सापडले कारण कुणीतरी बघत होतं, आणि सापडल्यावर ते सांगितलं गेलं. विश्वास बसतो तो यामुळे.

आपल्याकडे जुनी गाडी विकली जाते ती "सिंगल ओनर", "डॉक्टरची गाडी", "कमी चाललेली", "ओरिजिनल पेंट" अशा शब्दांवर. हे शब्द खोटेच असतात असं नाही, पण त्यांतला एकही शब्द गाडीच्या पोटाबद्दल नसतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला. जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं, बाजारपेठेतून पाणी वाहिलं, कितीतरी गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्यांतल्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, वाळवून, सीटकव्हर बदलून कुठे तरी त्या पुन्हा रस्त्यावर आल्या असणार, आणि घेणाऱ्याला ते सांगणारी कुठलीही नोंद नाही. पुराचा गाळ सीटबेल्टच्या रीळमध्ये आणि डॅशबोर्डच्या मागे वर्षानुवर्षं राहतो. पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला तर त्याच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. हेही चाचांनीच शिकवलं.

जुन्या गाड्या रस्त्यावरून हटवाव्यात असं हल्ली फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. वय बघून गाडी मोडीत काढली की सगळ्यांत आधी गरिबाची गाडी जाते, आणि पाच वर्षांची, एकदाही खालून न पाहिलेली मोठी गाडी निर्धास्त धावत राहते. वयाऐवजी प्रकृती बघायला हवी. खासगी गाडीलाही चौथ्या-पाचव्या वर्षापासून दरवर्षी तपासणी हवी. परवडेल अशा फीमध्ये, एजंटाशिवाय, आणि तिचा निकाल गाडीच्या नंबरावर कुणालाही बघता येईल असा. पंधरा वर्षांनी एकदा पाच हजार रुपये घेण्यापेक्षा दरवर्षी थोडे घ्यावेत आणि खाली वाकून बघावं. गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्या माणसाला याची सर्वांत जास्त गरज आहे. त्याला इंजिनचा आवाज ओळखता येत नाही, तो रंग आणि सीटकव्हर बघून हरखतो, आणि त्या हरखण्यात त्याची आयुष्यभराची बचत असते.

आमची गाडी चालते आहे. दर पावसाळ्यानंतर ती खड्ड्यावर उभी राहते, चाचा ठोकून बघतात, एखादा बुश बदलतो, ब्रेक ऑइल बदलतं. हे करायला आम्हाला कुठल्याही कायद्याने सांगितलेलं नाही.

तो कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही जुनी छोटी गाडी घ्यायला निघाला असाल तर एवढं करा. पाऊस पडून गेल्यावर गाडी बघायला जा आणि पायाखालचं कार्पेट उचलून हात लावा. टायरवरचे चार आकडे वाचा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. ब्रेक ऑइलचा रंग बघा. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या, त्याची मजुरी द्या, गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवा आणि त्याच्याबरोबर तुम्हीही खाली उतरा. मालक खाली बघू देत नसेल तर ती गाडी घेऊ नका.